राजाच्या बोटांतल्या सहा अंगठ्या

ईश्वराला साक्षी ठेवून, आणि मारियामातेकडे दयेची याचना करून,

मी, इडनी, हेमो नावाड्याची विधवा, वय वर्षे चौसष्ट किंवा सहासष्ट (आईला नक्की आठवत नव्हते), धंदा परटिणीचा, राहणार लंडन शहरासमोर, थेम्सच्या दक्षिण काठावर, सेंट ऑसिथच्या वस्तीत, रंगाऱ्यांच्या गल्लीतले शेवटचे घर, कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझे शरीर आता फार दिवस चालणार नाही. छातीतली गाठ फुटली आहे आणि पायांची सूज गुडघ्यांच्या वर चढली आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाखाली मी आयुष्यात एकदा बोलले आहे, त्यामुळे दोन्हींतला फरक मला चांगला कळतो.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि लेखनिक ऑस्बर्ट लिहून घेतो. शब्द नीटनेटके त्याचे, म्हणणे माझे. एकही गोष्ट गाळणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेतली आहे. त्याने ती तोंड वाकडे करून घेतली, पण घेतली.

कलम पहिले. माझा आत्मा मी ज्याचा त्याला परत करते. त्याला तो नको असला तर त्यावर माझे काही म्हणणे नाही. देह सेंट ऑसिथच्या आवारात, उत्तरेच्या भिंतीकडे, जिथे ऊन पडत नाही म्हणून जागा नेहमी रिकामी असते, तिथे पुरावा. चर्चच्या आत पुरू नये. पाद्रीबाबा म्हणाले, "इडनी, तू इतकी वर्षं वेदीवरची कापडं फुकट धुतलीस, आत जागा देऊ तुला." पण आत सर फुल्क डेरिंग्टन यांचे थडगे आहे. सर फुल्क अजून हयात आहेत, पण थडगे बांधून तयार आहे. त्यांची पांढऱ्या दगडाची मूर्ती छातीवर हात जोडून झोपली आहे, आणि कारागिराने तिच्या बोटांत अंगठ्यासुद्धा कोरल्या आहेत. मला त्यांच्या पायाशी झोपायचे नाही. मेणबत्त्या दोन पुरेत. घंटा वाजवू नये.

कलम दुसरे. मोठी तांब्याची काहील, धुणे बडवायची दोन दांडकी, राखेचे पाणी गाळायचे पिंप आणि दोरीची सर्व वेटोळी हे गुन्नोरा परटिणीला द्यावे. गुन्नोरा, काहिलीला बुडाशी ठिगळ आहे, जाळ डाव्या अंगाने घालत जा. चाळीस वर्षे तू मला कंजूष म्हणत आलीस. आता काय म्हणशील ते मला ऐकू येणार नाही.

कलम तिसरे. माझा भाचा विमंड, माझा मयत भाऊ वॉरिन रंगारी याचा एकुलता एक मुलगा, यास त्याच्या वडिलांचा लोकरीचा झगा, त्यांचे बाक आणि माझे अंथरूण द्यावे. घर देऊ नये.

हे वाचल्यावर विमंड ओरडणार आहे, म्हणून सविस्तर सांगते. विमंड गेले वर्षभर दर रविवारी येतो. येताना मटणाचा रस्सा आणतो आणि मी तो पीत असताना खोली पावलांनी मोजतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "आत्या, ही मधली भिंत पाडली ना, तर इथे दोन घोडे बांधता येतील."

मी म्हणाले, "बाबा, मी अजून आत आहे."

"तसं नाही गं आत्या. नंतरचं म्हणतोय मी."

विमंडची बाजू खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. घर त्याच्या बापाचे होते. रक्ताच्या नात्याने पाहिले तर ते त्याच्याकडे जायला हवे. पण ते वॉरिनच्या हातून गेले कसे आणि माझ्या हाती परत आले कसे, हे विमंडला कोणी सांगितलेले नाही. सांगू शकणारी या काठावर मी एकटीच आहे. म्हणून हे कलम लांबणार आहे. ऑस्बर्टने दुसरा टाक काढला आहे.

वॉरिनची रंगाची भट्टी याच घरामागे होती. निळीची चार पिंपे, लाल मंजिष्ठेची दोन, आणि नदीवरून काढलेला पाण्याचा पाट. शेजाऱ्याला तो पाट हवा होता. त्याने दावा लावला. वॉरिन निर्धास्त होता, कारण पाट आमच्या आजोबांनी खणलेला होता आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होते. शेजाऱ्याने मात्र रोहीसबाईंकडे खारीच्या कातड्यांचा झगा पाठवला.

रोहीस ही तेव्हाच्या महाराजांची बाई. सध्याच्या राजांचे आजोबा ते. राणी यूफेमिया जाऊन सहा वर्षे झाली होती. रोहीस मूळची घरांवर कौले घालणाऱ्याची मुलगी. राणीच्या दासींत आली आणि राणीमागे महाराजांच्या महालात राहिली. मोठमोठे सरदार तिच्या दारात ताटकळत उभे असत. न्यायनिवाडा चालू असताना ती सरळ न्यायाधीशांशेजारी जाऊन बसे. वॉरिनच्या दाव्याच्या दिवशी मी तिथे उभी होते. ती आली, बसली, न्यायाधीशांच्या कानाशी वाकली, दोन शब्द बोलली आणि कातड्याचा झगा सावरत उठून गेली. घर आणि पाट दोन्ही गेले. वॉरिन त्याच थंडीत मेला. शेवटच्या घटकेलाही त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. विमंड दोन वर्षांचा होता.

त्या काळी मी राजवाड्याच्या धोबीघाटावर होते. महाराजांच्या शेजेच्या चादरी माझ्याकडे असत, म्हणजे तिच्याही माझ्याकडेच. वॉरिनला मूठमाती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्या चादरी भिजवल्या आणि पाण्यात थुंकले. हेही लिहायला सांगितले आहे.

लोक मला बाजारात अडवून विचारत, "काय गं इडनी, तिने म्हाताऱ्यावर करणी केली आहे म्हणे? मेणाच्या बाहुल्या पुरल्यात म्हणे गादीखाली?" मी खांदे उडवायची. आज सांगते. त्या महालातली गादी मी नऊ वर्षे उचलली, झटकली, उन्हात टाकली. काही असते तर सर्वांत आधी माझ्या हाती लागले असते. काही नव्हते. एकदा तिचा केसांचा आकडा सापडला, तो मी परत दिला.

मग महाराजांना झटका आला. अर्धे तोंड वाकडे झाले, वाचा गेली. पहिला आठवडा सगळे दरबारी गुडघे टेकून प्रार्थना करत होते. दुसऱ्या आठवड्यात वैद्याने मान हलवली आणि लोक एकेक करून नातवाच्या वाड्याकडे वळू लागले. पुढचा राजा तोच होणार होता. महिन्याभरात महालात राहिले कोण, तर रोहीसबाई, चादरी न्यायला येणारी मी, आणि दाराबाहेर सर फुल्क, कारण महालाची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि किल्ल्याही.

ती महाराजांचे सगळे स्वतःच्या हाताने करत होती. त्या खोलीला वास येत असे, तो मी लिहायला सांगत नाही. पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिले ते तेव्हा.

"तू वॉरिन रंगाऱ्याची बहीण ना?"

मला वाटत होते तिला ठाऊक नसेल.

"हो."

"माझा राग येत असेल तुला."

"मळकी चादर द्या, बाईसाहेब."

"येऊ दे राग. पण पाणी गरम आणत जा. गार पाण्याने ते दचकतात."

एवढेच. तिने क्षमा मागितली नाही, कारण सांगितले नाही. मी दुसऱ्या दिवशीपासून पाणी गरम करून नेऊ लागले. तिच्यासाठी नव्हे.

महाराज तिला राणी समजत. जीभ वळत नसे, पण एक शब्द कसाबसा यायचा, "फेमी." राणीचे लाडाचे नाव. ती दर वेळी "ओ" म्हणायची. मी एकदा न राहवून विचारले, "तुम्हाला लागत नाही मनाला?" ती त्यांची दाढी पुसत होती. म्हणाली, "त्यांना कुणीतरी ओ द्यायला हवी ना, इडनी. माझं नाव काय, कुणीही घेईल. शिवी देताना तर सगळेच घेतात."

आता अंगठ्यांचे. हे नीट लिहावे.

महाराजांच्या बोटांत सहा अंगठ्या होत्या. जाण्याआधी चार दिवस बोटे सुजली. आदल्या दिवशी लाल होती, सकाळी काळीनिळी झाली आणि ते कण्हू लागले. शल्यवैद्य केव्हाच निघून गेला होता. रोहीसबाई म्हणाली, "साबण आण." मी घाटावरचा मऊ साबण आणला आणि शिवणाचा दोरा आणला. आईने मला शिकवले होते तसा दोरा बोटाला घट्ट गुंडाळला, टोक अंगठीखालून काढले आणि हळूहळू उलगडत अंगठी पुढे सरकवली. म्हणजे अंगठ्या मी काढल्या. तिने फक्त त्यांचे मनगट धरले होते आणि त्यांच्याशी बोलत होती. शेवटची राणीची होती. ती काढताना महाराज रडले. रोहीसबाई म्हणाली, "फेमी इथेच आहे. बोट बरं झालं की परत घालू." कोणत्याही बोटाला खरचटलेसुद्धा नाही. मी परटीण आहे, पण माझा हात हलका होता.

तिने सहाही अंगठ्या माझ्याकडच्या धुवट फडक्यात बांधल्या, दार उघडले आणि सर फुल्कांच्या हातात दिल्या.

"सहा आहेत. उघडून बघा."

सर फुल्क हसले. "आमच्यावर विश्वास नाही वाटतं बाईसाहेबांचा?"

"तुमच्यावर? मुळीच नाही. उघडा."

त्यांनी उघडून पाहिल्या आणि खिशात टाकल्या. मी हातात पाण्याचे भांडे घेऊन दोन हातांवर उभी होते. दिवस गुरुवार, सकाळची वेळ, उजेड लख्ख होता. त्या अंगठ्या पुढे मी कधी पाहिल्या नाहीत.

महाराज सोमवारी भर दुपारी गेले. खिडकीबाहेर कुरणात गवत कापणारे एकमेकांना हाका मारत होते. तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले होते. बराच वेळ तिला कळलेच नाही, की कळूनही ती हलली नाही, मला सांगता येत नाही. मग तिने त्यांचे डोळे मिटले आणि माझ्याकडे न बघता विचारले, "इडनी, ते सगळे कुठे आहेत?"

"खाली. जेवायला बसलेत."

"म्हणजे माझ्याकडे तेवढाच वेळ आहे."

तिने माझे कामाच्या वेळी कमरेला पुढे बांधायचे जाडेभरडे कापड मागून घेतले. केस फडक्यात बांधले, मळक्या चादरींची टोपली कमरेवर घेतली आणि घाटाच्या जिन्याने उतरून गेली. पहारेकऱ्याने तिला परटीण समजून वाट दिली. महाराजांच्या महालातून तिने जाताना काय नेले, असे पुढे सगळ्या राज्याने विचारले. तिने दोन मळक्या चादरी नेल्या.

दोन महिन्यांनी तिला पकडून आणले. मोठ्या सभेपुढे चौकशी ठरली. आदल्या दिवशी सर फुल्कांनी मला बोलावले. बसायला सांगितले, वाइन दिली. मला तोवर कोणी सरदाराने बसायला सांगितले नव्हते.

"महाराजांच्या अंगठ्या कुठे गेल्या, असं सभा विचारते आहे, इडनी."

"तुमच्याकडे दिल्या ना, साहेब."

"कुणी?"

"बाईसाहेबांनी. मी तिथेच होते."

"नीट आठव. घाई नाही." त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. "तुझ्या भावाचं घर त्या शेजाऱ्याकडून काढून घेतलंय. रिकामं पडलंय. ज्याचं त्याला मिळावं असं मला फार वाटतं."

मी पेल्याला हात लावला नाही.

"शिवाय," ते म्हणाले, "अंगठ्या कुणी काढल्या हा प्रश्न निघाला, तर साबण कुणी आणला हेही निघेल. आणि राजाच्या बोटावरून सोनं उतरवणाऱ्या परटिणीचं काय करतात, ते तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मी सभेत उभी राहिले. बायबलवर हात ठेवला. म्हणाले, "अंग अजून गरम होतं. तिने अंगठ्या ओढून काढल्या." एवढेच म्हणायचे ठरले होते. सर फुल्कांनी एवढेच पढवले होते. पण समोर ती उभी होती आणि मला वॉरिनचे निळे हात दिसत होते, आणि मी आपण होऊन म्हणाले, "एका बोटाची कातडीसुद्धा निघाली."

ते वाक्य माझे. त्यात सर फुल्कांचा हात नाही. सभेत शंभर जणांनी एकदम श्वास आत घेतला. पुढे मूळ साक्ष लोक विसरले, पण कातडी राहिली. गल्लीतली पोरे तिच्यावर गाणे म्हणत, त्यात कातडी होती. पाद्र्यांच्या प्रवचनांत कातडी होती. एकदा शिंपल्यांतली कालवे विकणाऱ्याने मलाच ती गोष्ट सांगितली, आणि त्याच्या सांगण्यात दोन बोटे झाली होती.

तिने ते नाकारले नाही. माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली, जणू मीच उघडी पडले होते आणि तिला ते बघवत नव्हते. तिचा जमीनजुमला, घरे सगळे जप्त झाले. तिला शहराबाहेर काढले. त्या महिन्यात मी या घरात राहायला आले. विमंडला मीच वाढवले. भट्टी पुन्हा पेटवली नाही.

रोहीसबाई साध्वी होती असे मी म्हणत नाही. माझ्या भावाचा जीव तिच्या दोन शब्दांनी गेला. तिने घेतले ते घेतले, त्याची शिक्षा तिला व्हायलाच हवी होती. पण झाली ती न केलेल्या गोष्टीची झाली. केलेल्या गोष्टीबद्दल तिला कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, कारण ज्यांनी विचारायचे त्यांच्याही अंगावर कातड्यांचे झगे होते.

अकरा वर्षांनी मी तिला भेटायला गेले. एसेक्समध्ये, खाऱ्या दलदलीच्या कडेला, एका खोलीत राहत होती. दोन दिवस चालले. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. केस पांढरे, पाठीला बाक. मला बघून म्हणाली, "अंडी संपली. परवा ये."

"मी इडनी."

तिने उरलेले दाणे टाकले, हात झटकले. "आत ये. वारा आहे."

आत मी जमिनीवरच बसले आणि जे बोलायचे ते बोलले. तिने ऐकून घेतले.

"काय मिळालं तुला?"

"घर."

"कुठलं?"

"वॉरिनचं."

ती हसली. खूप हसली, खोकला येईपर्यंत. "म्हणजे मी काढून घेतलेलं तुला मिळालं. बरं झालं. माझ्या हातून कुणाचं तरी परत गेलं."

"मला माफ करा, बाईसाहेब."

"नाही," ती म्हणाली. रागाने नाही. "ते मागायला इतकी चाललीस होय? कोंबडी मागितली असतीस तर दिली असती. माफीचं काय करशील तू? घरी नेऊन मांडशील? शंभर माणसांसमोर बोललीस ना, मग शंभर माणसांसमोर परत बोल. माझ्या झोपडीत येऊन हळूच काय सांगतेस? इथे कोण आहे? कोंबड्या?"

"सर फुल्क मला जिवंत ठेवायचे नाहीत."

"हो," ती म्हणाली. "तेही खरंच."

तिने मला पाव आणि ताजे लोणी दिले. मी परत आले. पुढे सात वर्षे मी शंभर माणसांसमोर काही बोलले नाही. ती तीन वर्षांमागे थंडीत गेली. कळले तेव्हा महिना उलटून गेला होता.

आता सर फुल्क मला काही करू शकत नाहीत. गाठीने त्यांच्याआधी हात घातला आहे.

कलम चौथे. म्हणून वर लिहिलेले सर्व मी शपथेवर जाहीर करते. महाराजांच्या अंगठ्या मी काढल्या, ते जिवंत असताना, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. त्या सर फुल्क डेरिंग्टन यांच्या हातात दिल्या गेल्या. सभेपुढची माझी साक्ष खोटी होती. हे माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये, लोक बसलेले असताना, मोठ्याने वाचावे. पाद्रीबाबांनी नकार दिल्यास दाराबाहेर वाचावे. वाचण्याचे काम ऑस्बर्टने अंगावर घेतले आहे. तो घाबरट आहे, पण त्याने शब्द दिला आहे. या मृत्युपत्राच्या तीन प्रती केल्या असून तिन्ही वेगवेगळ्या हातांत दिल्या आहेत. एखादी जाळण्याचे कष्ट कोणी घेऊ नयेत.

विमंड, तू सर फुल्कांच्या घरची वर्दी घालतोस. ती तुला टिकवता येईल की नाही, ठाऊक नाही. याचे मला वाईट वाटते. रस्सा चांगला असायचा.

कलम पाचवे. हे घर, मागील अंगण, पाण्याचा पाट आणि पडीक भट्टी, रोहीसबाईंची मुलगी अमाबेल हिला द्यावे. अमाबेल सध्या नदीपलीकडच्या मठात मुलींना भरतकाम शिकवते. चौकशी झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तेव्हाच तिला मठात ठेवले. बाप राजा असूनही तिला कोणी आडनाव दिले नाही.

मी तिला गेल्या गुरुवारी निरोप धाडून बोलावून घेतले. दुपारी आली. उंच आहे, बापासारखी. दारातच उभी राहिली, बस म्हटले तरी बसली नाही. मी तिला इथे लिहिले आहे ते सगळे सांगितले, काही न गाळता, कातडीचेसुद्धा.

ती सगळे उभ्यानेच ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तिने घेतल्याच नव्हत्या?"

"नाही."

"मठात मुली मला ते गाणं म्हणून दाखवायच्या. मी त्यांच्याबरोबर म्हणायचे. म्हटलं नाही तर मारायच्या म्हणून आधी, आणि मग खरंच वाटायला लागलं म्हणून." तिने भिंतीला हात टेकला. "ती दर वर्षी ईस्टरला दाराशी यायची. एसेक्सहून, चालत. मी सांगून पाठवायचे की भेटायचं नाही. आजारी आहे असा निरोप आला तेव्हाही गेले नाही. पुरायलाही गेले नाही."

हे मला माहीत नव्हते. मला वाटत होते की मी एका बाईचे नाव घालवले आणि एक घर घेतले. तेवढे परत केले की फिटेल.

तिने विचारले, "तुम्ही तिला भेटायला गेला होतात ना. माझ्याबद्दल काय म्हणाली?"

मला सुचले नाही असे नाही. लगेच सुचले. "तुझी वाट बघत होती. तुझ्यावर राग नव्हता तिचा." दोन वाक्ये. ते खरेही असेल, कोण जाणे. दर वर्षी चालत येणारीच्या मनात दुसरे काय असणार? ते ऐकले असते तर ती पोर बसली असती, रडली असती, मी तिला पाणी दिले असते. सभेत मला कातडी सुचली होती, तितक्याच सहज हे सुचले.

मी म्हणाले, "तुझं नाव निघालं नाही. मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही."

तिने मान हलवली, डोक्यावरून शाल घेतली आणि निघून गेली. घर घेणार का, हे तिने सांगितले नाही आणि मला विचारवले नाही.

मी ऑस्बर्टला विचारले, "ते एक खोटं बोलायला हवं होतं का रे?" तो म्हणाला, "बाई, हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं." मी म्हणाले, "लिही."

अमाबेलने घर नाकारल्यास ते वर्षभर तसेच बंद ठेवावे आणि पुन्हा एकदा तिला विचारावे. दुसऱ्यांदाही नाकारल्यास महारोग्यांच्या आश्रमाला द्यावे. तिने माझ्यासाठी प्रार्थना करावी अशी अट नाही. करू नये असेही म्हणत नाही.

वरील सर्व मजकूर ऑस्बर्टने मला दोनदा वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली मी माझ्या हाताने क्रूस काढला आहे. हात थरथरतो, म्हणून तो वाकडा आला आहे, तो माझाच समजावा.

ठिकाण: सेंट ऑसिथची वस्ती, रंगाऱ्यांची गल्ली.
दिवस: सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, सध्याच्या राजांच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष.

इडनी, हेमोची विधवा, हिची निशाणी: ✝

साक्षीदार:
१. टर्स्टन, पाववाला, याच गल्लीत राहणार. सही केली.
२. जोसलिन, मेणबत्त्या करणारा. निशाणी केली.
३. सेंट ऑसिथचे पाद्रीबाबा. तिसऱ्या कलमापर्यंत ऐकून टाक खाली ठेवला आणि उठून गेले. जागा कोरी सोडली आहे.

लिहिणार: ऑस्बर्ट, लेखनिक. बाईंची निशाणी माझ्यासमोर झाली. दुपारच्या घंटेआधी त्यांना झोप लागली. शाई वाळेपर्यंत मी बसून होतो. त्या उठल्या नाहीत. रविवारी वाचीन.